चुकला गुडघा, शोधा वकील

आपल्या देशात डॉक्टरांवर दावा लावणे किती सुलभ आहे, हे आम्हांस शुद्धीवर आल्यावर कळले. दुखत होता डावा गुडघा, उघडला उजवा. (दोन्ही आपलेच, तेव्हा आपपरभाव नको, असे इस्पितळाचे मत.)

1995 साली सर्वोच्च न्यायालयाने पैसे मोजणाऱ्या रुग्णास ग्राहकपद बहाल केले. त्यामुळे कुकरची शिटी बिघडो की माणसाचा सांधा, दार एकच: ग्राहक आयोग. तक्रार दोन वर्षांत करावी. निकाल शक्यतो तीन ते पाच महिन्यांत लावावा, असे कायदा म्हणतो. महिने कोणत्या पंचांगाचे, ते मात्र म्हणत नाही. डॉ. कुणाल साहांच्या पत्नी चुकीच्या उपचारांपायी 1998 साली गेल्या; सर्वोच्च न्यायालयाने भरपाईचा आकडा ठरवला 2013 साली.

राहिला वकील. पहिले म्हणाले, "आधी दुसऱ्या डॉक्टरचे लेखी मत आणा." दुसरे डॉक्टर म्हणाले, "अहो, तो माझा बॅचमेट!" दुसऱ्या वकिलांनी केस नाकारली, पण आम्हांला सोडायला दारापर्यंत आले. लंगडत. सर्जन तेच.

तिसरे तयार झाले. वकीलपत्रावर सही करताना आम्ही भीत भीत विचारले, "साहेब, तारखेला आपणच आला नाहीत तर आयोगाकडे...?"

साहेब प्रसन्न हसले. "मे 2024. सर्वोच्च न्यायालय. वकिलाची सेवा ग्राहक कायद्यात येत नाही."

सर्जन मंडळींना आमची नम्र सूचना आहे: ऑपरेशन थिएटरात हिरव्या गाऊनऐवजी काळा कोट घालावा, आणि संमतिपत्राऐवजी वकीलपत्र भरून घ्यावे. डाव्या गुडघ्यासाठी आम्ही असाच एखादा शोधत आहोत.