पट्ट्यांचे पैसे आणि पावलांची सवलत

मधुमेह निघाला की विमा कंपनीचं आपल्यावर प्रेम बसतं. मला एक 'हेल्थ कोच' नेमून दिली आहे. आवाजावरून मुलगी नुकतीच कॉलेजातून बाहेर पडलेली असावी. "सर, आज भात टाळलात ना?" असं विचारते. ज्वारीची भाकरी खाल्ली म्हटलं की "व्हेरी गुड!" भाकरीनंतर काय खाल्लं, हे ती विचारत नाही, मीही विषय काढत नाही. ॲप पावलं मोजतं आणि पुरेशी भरली की नूतनीकरणाच्या हप्त्यात सवलत मिळते. फोन नातवाच्या खिशात असला की माझी तब्येत झपाट्याने सुधारते.

पण एचबीएवनसी, रोजच्या गोळ्या, ग्लुकोमीटरच्या पट्ट्या? "सर, ते ओपीडीत येतं." म्हणजे माझ्या पॉलिसीत येत नाही. एरवी 24 तास खाटेवर पडल्याशिवाय माणूस आजारी धरला जात नाही. साखर आटोक्यात ठेवणाऱ्याने खर्च पदरचा करायचा. पाय काळानिळा होईतो थांबणाऱ्याचं बिल मात्र कंपनी भरणार. तेही जुन्या आजाराचा प्रतीक्षाकाळ संपला असेल तर. तो पूर्वी 4 वर्षांपर्यंत असे, 2024 मध्ये नियामकाने कमाल 3 वर्षांवर आणला. पायाला तसं कळवायला हवं.

परवा पट्ट्यांचा विषय मी पुन्हा काढला, जरा आवाज चढवूनच. "सर, ताण घेऊ नका, ताणाने साखर वाढते," असं म्हणून तिने ध्यानधारणेचा व्हिडिओ पाठवला. त्यात शेवटी ओपीडी कव्हरची जाहिरात होती. जादा हप्ता भरून.