काळं तेल गटारात ओतणाऱ्या शेजाऱ्यास खुले पत्र

वेळचेरी, चेन्नई

महाशय,

नमस्कार. 'सप्रेम' मुद्दाम गाळलं आहे. तुमचं नाव इथे घेणार नाही. तुमच्या गाडीवर अजून एमएच बाराची पाटी आहे, म्हणून पत्र मराठीत लिहितो आहे.

रविवारी तुम्ही आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हाताने गाडीचं इंजिन ऑइल बदललंत आणि फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकलेत. अंगठ्यांचा नुसता पाऊस पडला. फोटो मीही नीट पाहिले. नुसत्या जॅकच्या भरवशावर न राहता तुम्ही गाडीखाली स्टँड लावले होते. इंजिन आधी थोडं गरम करून घेतलं होतं, म्हणून तेल सरळ धारेने उतरलं. ड्रेन बोल्टला नवा वॉशर घातलात, नव्या फिल्टरच्या रबरी कडेवरून तेलाचं बोट फिरवलंत, शेवटी डिपस्टिक पुसून पातळी तपासलीत. काम चोख झालं, यात वाद नाही.

पण पहिल्या फोटोत ट्रे काळ्या तेलाने भरलेला आहे आणि शेवटच्या फोटोत तोच ट्रे रिकामा, भिंतीला टेकवलेला. मधलं तेल गेलं कुठे? ते दाखवणारा फोटो तुम्ही टाकला नाहीत. ते मी रस्त्यावर पाहिलं. फाटकाबाहेरच्या पावसाळी गटाराच्या सिमेंटच्या झाकणाला जे भोक आहे, तिथपर्यंत हातभर रुंद काळा ओघळ गेला होता. भोकाच्या कडेला तेल साखळलं होतं. त्यावर साबणाचं पाणी ओतून डाग घालवण्याचा प्रयत्न झाला होता, त्यामुळे फेसासकट उरलंसुरलं तेलही आत गेलं. बाजूच्या कचराकुंडीत तुमचा जुना फिल्टर पडला होता, त्यातूनही तेल गळत होतं.

वॉचमनने विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "थोडंसंच होतं. आणि पहिलीच वेळ आहे, कळलं नाही."

आधी 'थोडंसं' पाहू. तुमच्या छोट्या गाडीत साडेतीन लिटरच्या आसपास तेल बसतं. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा इशारा जगभर सांगितला जातो: एका गाडीचं एका वेळचं जुनं तेल दहा लाख गॅलन गोडं पाणी नासवू शकतं. कारण ते डब्यातून ओतलं तेव्हाचं सोनेरी तेल राहिलेलं नसतं. हजारो किलोमीटर इंजिनात फिरून त्यात काजळी, अर्धवट जळलेलं इंधन, झिजलेल्या भागांचा लोखंड-तांब्याचा चुरा आणि ज्वलनातून तयार झालेली कर्करोगकारक संयुगं मिसळलेली असतात. पाण्यावर त्याचा पातळ तवंग पसरला की हवेतला प्राणवायू खाली उतरत नाही. खाली मासे असतात, शेवाळ असतं, किडे असतात. त्यांनी काय करायचं?

तुम्ही समजलात की गटार म्हणजे गटार, घाण तिथेच जायची. चेन्नईत सांडपाण्याची वाहिनी वेगळी आणि पावसाच्या पाण्याचं गटार वेगळं. सांडपाणी पेरुंगुडी, कोयंबेडू, कोडुंगैयूर, नेसपाक्कम इथल्या केंद्रांकडे शुद्ध व्हायला जातं. पावसाळी गटाराच्या वाटेत असं एकही केंद्र नाही. आपल्या भागातलं पावसाचं पाणी पळ्ळिकरणैच्या दलदलीत उतरतं, तिथून ओक्कियम मडुवूमार्गे बकिंगहॅम कालव्यात आणि पुढे कोवळमच्या खाडीतून समुद्रात. शहराने भराव टाकटाकून आक्रसून टाकलेली ही दलदल २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आली. दर हिवाळ्यात परदेशी पाखरं तिथे उतरतात. तुमचं तेल त्याच पाण्याच्या वाटेला लागलं.

आणि हे पाणी नेहमी खालच्याच दिशेला जातं असंही नाही. डिसेंबर २०१५ आणि डिसेंबर २०२३, दोन्ही पुरांत वेळचेरी पाण्याखाली होती. गटारातलं पाणी उलटं फिरून तळमजल्यावरच्या घरांत शिरलं होतं. पूर आला की गटारात ओतलेलं सगळं परत माणसांच्या दारात येतं.

२०२३ चा तो पूर आणणाऱ्या मिचाँग चक्रीवादळात मनालीच्या औद्योगिक पट्ट्यातून तेल बकिंगहॅम कालव्यात आलं आणि एन्नोरच्या खाडीत पसरलं. कोळ्यांच्या होड्या, जाळी, घरांच्या भिंती काळ्या पडल्या. माणसं मग आणि बादल्या घेऊन हातांनी तेल उपसत होती. जानेवारी २०१७ मध्ये एन्नोरच्या बंदराबाहेर दोन जहाजांची टक्कर झाली, तेव्हाही किनाऱ्यावरचं तेल बादल्यांनीच काढावं लागलं होतं. मिचाँगच्या वेळी तुम्हीच ग्रुपवर संतापून लिहिलं होतंत की या कंपन्यांना लाज कशी वाटत नाही. प्रश्न योग्य होता. आज तोच प्रश्न मी तुम्हाला विचारतो आहे. माप लहान म्हणून करणी वेगळी ठरत नाही.

आता 'पहिलीच वेळ'. कोणता ग्रेड, किती लिटर, बोल्ट किती आवळायचा, हे सगळं तुम्ही आधी शोधून ठेवलं होतंत. ज्याला वॉशर बदलायचं भान असतं, त्याला काढलेलं तेल कुठे द्यायचं हे विचारायला सुचलं नाही, ही सबब मी मानत नाही. तुम्ही विचारलंच नाहीत, कारण गाडीचं भलं झालं की तुमच्या लेखी काम संपलं होतं.

देशाच्या २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत वापरलेलं तेल हा घातक कचरा आहे. १ एप्रिल २०२४ पासून तेल उत्पादकांवरही वापरलेल्या तेलाच्या पुनर्वापराची जबाबदारी टाकली आहे, पहिल्या वर्षाचं लक्ष्य ५ टक्के होतं. हे लक्ष्य गाठायचं तर तेल गोळा व्हायला हवं. शुद्धीकरण करून त्यातून पुन्हा बेस ऑइल निघतं. गटारात गेलेल्या तेलातून काही निघत नाही.

गॅरेजमध्ये तेल बदललं तर जुनं तेल ठेवायला तिथे पिंप असतं. ते काम तुम्ही स्वतःकडे घेतलंत, तेव्हा त्या पिंपाची जबाबदारीही तुमच्याकडे आली. ती अवघड नाही. नव्या तेलाचा रिकामा झालेला डबा घ्यायचा, नरसाळं लावून जुनं तेल त्यात भरायचं, झाकण घट्ट लावायचं. फिल्टर रात्रभर उलटा ठेवून निथळू द्यायचा. मग दोन्ही घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये जायचं आणि जुनं तेल परवानाधारक पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे जातं का, हे विचारून द्यायचं. कोपऱ्यावरच्या मेकॅनिक शेडमधल्या अण्णांनाही हाच प्रश्न विचारायचा. जमिनीवर सांडलं तर भुसा किंवा वाळू टाकून टिपायचं, पाणी ओतायचं नाही.

तुमच्याकडून माझ्या तीन मागण्या आहेत. झाकणावर आणि आत भिंतीला साखळलेलं तेल भुसा टाकून स्वतः खरवडून काढा. कुंडीतला फिल्टर उचलून जिथे द्यायचा तिथे द्या. आणि ज्या ग्रुपवर रिकाम्या ट्रेचा फोटो टाकलात, तिथेच तेल कुठे ओतलंत ते लिहा, म्हणजे तुमचं पाहून उत्साहाने पाना हातात घेणारे पुढचे चारजण तरी तसं करणार नाहीत.

स्वतःच्या गाडीचं काम स्वतः करणाऱ्या माणसाबद्दल मला आदर आहे. पण जुनं तेल योग्य हातात पोचवेपर्यंत ते काम पुरं होत नाही. तुमचं काम अर्धवट राहिलं आहे. ते पुरं करा.

कळावे,
तुमच्याच रस्त्यावरचा एक रहिवासी