बिनगिअरची मंडळी

कोथरूडला कर्वे पुतळ्यापाशी रविवारी पहाटे साडेपाचला जमणाऱ्या सायकलवाल्यांच्या या गटाला नाव नाही. ठेवायचं ठरलं होतं, पण एकमत झालं नाही आणि विषय पुढच्या बैठकीवर गेला. नावं ठेवण्याचं काम मात्र दर रविवारी नियमाने चालतं.

नियम एकच आहे : सायकलीला गिअर असता कामा नये. एवढ्या सुटसुटीत नियमावर वाद होणार नाही, असं वाटणारा माणूस पुण्याबाहेरचा समजावा.

गटाचे संस्थापक बँकेतून निवृत्त झालेले. त्यांना सगळे काका म्हणतात, त्यांच्याहून वयाने मोठे असलेले दोघंही म्हणतात. त्यांच्याकडे वडिलांची काळी ॲटलस आहे. 1951 साली सोनीपतला सुरू झालेल्या या कंपनीने साहिबाबादचा कारखाना बंद केला तो 3 जून 2020 रोजी, म्हणजे नेमका जागतिक सायकल दिनी. हा योगायोग काका अजून मनावर घेऊन आहेत. त्या दिवसाचा विषय निघाला की ते सायकलीच्या सीटवर हात ठेवून बोलतात. सायकलीचा नगरपालिकेचा बिल्लाही त्यांनी जपून ठेवलाय. पूर्वी सायकलीला कर होता, तो भरल्याचा हा पुरावा. बिल्ला नाही, कंदील नाही किंवा मागे डबलसीट बसवलंय म्हणून पोलीस पकडायचे, तासावर भाड्याने सायकल मिळायची आणि पुण्याला सायकलींचं शहर म्हणायचे. त्या काळी गिअर नसणं ही भूमिका नव्हती. गिअर नव्हतेच.

आता मात्र भूमिका आहे, आणि भूमिका आली की शुद्धतेचा प्रश्न येतो. तो आणला आयटीतल्या एका तरुणाने. त्याच्याकडे चांगली सत्तावीस गिअरची सायकल होती. गटात यायचं म्हणून त्याने गिअरची सगळी यंत्रणा उतरवून ठेवली, चेन तोडून छोटी केली आणि मागे एकच फ्रीव्हील बसवलं. आता गोम अशी की जुन्या काळ्या सायकलीचं मागचं चाक खाचेत मागे सरकवून चेन ताणता येते. नव्या सायकलीत चाक एका जागी घट्ट बसतं, मग चेन ढिली पडू नये म्हणून स्प्रिंगवाली एक छोटी पुली लावावी लागते. ती दिसते हुबेहूब गिअरसारखी.

काकांनी चष्मा लावला, वाकून पाहिलं. "ही काय भानगड?"

"टेन्शनर आहे, काका."

"कुणाला?"

तीन रविवार यावर खल झाला. एका पक्षाचं म्हणणं, वेग एकच आहे ना, मग झालं. दुसऱ्या पक्षाचं म्हणणं, गिअर सोडून दिलेला आणि जन्मात गिअरला न शिवलेला, यांना एका पंगतीत कसं बसवायचं? शेवटी तोडगा निघाला : मुलाला सभासद करून घ्यावं, मात्र फोटो काढताना त्याने सायकल डाव्या अंगाने लावावी. चेन उजवीकडे असते.

गिअर नसले की सायकलीविषयी बोलण्यासारखं काही उरत नाही, हा समज तर साफ खोटा. सत्तावीस गिअरवाला घाट आला की बोटाने खटका दाबतो आणि गप्प बसतो. एक गिअरवाल्याला आयुष्यात एकदाच निवड करायची असते, त्यामुळे तो तिच्याविषयी आयुष्यभर बोलतो. पुढच्या चक्राला दात 44, इथपर्यंत गटात एकवाक्यता आहे. मागच्या फ्रीव्हीलला किती असावेत, यावरून तट पडलेत. साधारणपणे दुकानातून येतं ते अठरा दाती. गटातल्या गणिताच्या बाईंनी हिशेब मांडून दिलाय : मोठ्या चाकाचा घेर साधारण सव्वादोन मीटरच्या आतबाहेर, तेव्हा 44 ला 18 म्हणजे पावडलाच्या एका फेरीत सायकल जवळजवळ साडेपाच मीटर पुढे जाते. ताशी 20 किलोमीटरने जायचं तर मिनिटाला साठ-बासष्ट फेऱ्या. मागे सोळा दाती लावलं तर फेरीला सहा मीटर, वीस दाती लावलं तर पावणेपाचच्या थोडं वर.

म्हणजे सोळावाले सपाटीवर सुसाट सुटतात आणि चांदणी चौकाचा चढ दिसला की त्यांना अचानक फोन येतात. वीसवाले चढावर हळूहळू का होईना पोहोचतात, पण उताराला लागले की त्यांचे पाय नुसते गरगरतात आणि सायकल आहे तिथेच असल्यासारखी वाटते. अठरावाले दोन्ही ठिकाणी मार खातात आणि दोन्हीकडच्यांना समतोलाचं महत्त्व सांगतात. दातांवर इतकं बोलणाऱ्या गटात एक दंतवैद्य आहेत, हा मात्र खरोखरच योगायोग. सुरुवातीला त्यांना तज्ज्ञ म्हणून विचारलं जायचं. त्यांनी प्रत्येक वेळी फ्रीव्हील काढून टाकायचा सल्ला दिल्यावर विचारणं बंद झालं.

एलआयसीतले एक सभासद तरुणपणी मुंबई-पुणे सायकल शर्यतीत उतरले होते. बोरघाट सगळ्यांत आधी चढणाऱ्याला या शर्यतीत 'घाटाचा राजा' म्हणतात. तो मान आपला थोडक्यात हुकला, असं ते सांगतात. गटात आले तेव्हा त्यांची सायकल खोपोलीला पंक्चर झाली होती. पुढच्या वर्षी ती लोणावळ्याला झाली. हल्ली ते कामशेतपर्यंत आलेत. अजून एक-दोन दिवाळ्यांत पुण्यात पोहोचतील असा अंदाज आहे आणि कुणी त्यांना अडवू नये, असं बाईंनी सगळ्यांना बजावलंय.

कुरकुर करणाऱ्याला गप्प करायला काकांकडे एक रामबाण आहे : आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा. मुंबईचे हे तीन पारशी तरुण ऑक्टोबर 1923 मध्ये सायकलवर निघाले आणि जगाला वळसा घालून 1928 च्या मार्चमध्ये परतले. अंतर सुमारे 71,000 किलोमीटर. वारज्याच्या पुलावर कुणी "काका, जरा दम घेऊ" म्हटलं की काका मागे न पाहता फक्त "बापासोला!" असं ओरडतात. हाक मारल्यासारखं. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटतं, मागे कुणीतरी पारशी गृहस्थ राहिलेत.

इतिहासाचा नाद मात्र एकदा अंगाशी आला. आयटीवाल्या मुलाने वाचून आणलं, की गिअर असावेत की नसावेत हा वाद फ्रान्समध्ये शंभर वर्षांपूर्वीच होऊन गेलाय. पॉल द व्हिव्ही नावाचा सायकलवेडा संपादक गिअरच्या बाजूने, आणि पुढे तूर द फ्रान्स सुरू करणारे आंरी देग्रांज कट्टर विरोधात. 1902 साली तिथल्या टूरिंग क्लबने डोंगराळ रस्त्यावर चाचणी घेतली. एदुआर फिशर हा नावाजलेला शर्यतपटू एक गिअरच्या सायकलवर, तर मार्थ हेस ही बाई तीन गिअरच्या सायकलवर. बाई जिंकली, तीही वाटेत कुठे पाय न टेकता. इथवर ऐकून गणिताच्या बाई सोडून सगळे रस्त्याकडे बघू लागले.

पण देग्रांज बधले नाहीत. गिअर पंचेचाळिशी ओलांडलेल्यांसाठी ठीक आहेत, असं त्यांनी लिहिलं आणि आपल्या शर्यतीत ही यंत्रणा 1937 पर्यंत येऊ दिली नाही. "बघा! माणूस असावा तर असा," काका म्हणाले. मग दंतवैद्यांनी हळूच विचारलं, की आपल्यात पंचेचाळिशीच्या आतले किती? आयटीवाल्याने एकट्याने हात वर केला. देग्रांजच्या हिशेबाने गटात गिअर वापरायला अपात्र असा एकच माणूस होता, आणि आयुष्यात गिअर वापरलेलाही तोच. हा भाग इतिवृत्तात घेऊ नये, असा ठराव लगेच मंजूर झाला. इतिवृत्त कुणी ठेवत नाही, पण ठराव झाला.

हे खूळ आपल्यापुरतंच नाही, हा दिलासाही त्याच मुलाने दिला. एक गिअरच्या माउंटन बाइकची जागतिक स्पर्धा दर वर्षी भरते. 2009 ला ती अमेरिकेत ड्युरँगोला होती, 2010 ला न्यूझीलंडमध्ये रोटोरुआला. लोक चित्रविचित्र सोंगं घेऊन येतात, वाटेत बिअरचे थांबे असतात आणि पुढची स्पर्धा कुठे भरवायची ते अचाट खेळ खेळून ठरवतात. जिंकणाऱ्याला बक्षीस काय, तर अंगावर कायमचा टॅटू. नको म्हणायची सोय नाही.

गटात याचे पडसाद उमटले. बिअरच्या जागी उसाचा रस, इथपर्यंत सगळे राजी होते. सोंगांसाठी होळीचा मुहूर्त सुचवला गेला. टॅटूवर गाडं अडलं. "आमच्या आजीच्या कपाळावर गोंदण होतं, तिने कधी सायकल नाही चालवली," एलआयसीवाले म्हणाले. काकांनी विषय घरी काढून पाहिला. काकूंनी पोळी लाटता लाटता एवढंच विचारलं, "दंडावर काय लिहून घेणार, ब्लड ग्रुप?" तो प्रस्ताव सध्या स्थगित आहे.

वर्षातून एकदा मंडळी कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांच्या सायकल संग्रहालयात जातात. तिथे दुसऱ्या महायुद्धातली छत्रीधारी सैनिकांची घडीची सायकल आहे. तिच्यासमोर प्रत्येक जण काही क्षण उभा राहतो आणि मग हिच्या फ्रीव्हीलला दात किती असतील यावर पैज लागते.

पण खरी परीक्षा सिंहगडाची. समुद्रसपाटीपासून तेराशे मीटरच्या वर असलेला हा गड, आणि पायथ्याच्या गोळेवाडीपासून वाहनतळापर्यंत आठ-नऊ किलोमीटरचा घाटरस्ता. काळी सायकल वीस किलोच्या आसपास. पहिल्या वळणापर्यंत सगळे गप्पा मारत असतात. दुसऱ्या वळणावर फक्त चेनचा आवाज येतो. तिसऱ्यावर लोक पाणी प्यायला थांबतात. इथे 'उतरलो' म्हणायचं नाही, 'पाणी प्यायला थांबलो' म्हणायचं, आणि बाटली रिकामी झाल्यावरही तेच म्हणायचं. बाई मात्र पावडलांवर उभ्या राहतात, रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत नागमोडी जातात, कुणाशी बोलत नाहीत आणि दिसेनाशा होतात. त्यांचं फ्रीव्हील वीस दाती आहे, असं सोळावाले खालून एकमेकांना सांगतात.

उरलेली मंडळी हँडल धरून चालत असतात. अशात एकदा गडावर जाणारी जीप शेजारी येऊन हळू झाली. पुढच्या सीटवर मांडीवर दह्याची मडकी सांभाळत एक आजी बसल्या होत्या. त्यांनी एकापाठोपाठ एक सायकली ढकलणारी ही रांग निरखून पाहिली.

"सगळ्यांच्याच बिघडल्या व्हय?"

"बिघडल्या नाहीत आजी, गिअर नाहीयेत," काका म्हणाले.

"अगं बाई! चोरीला गेले?"

वर पोहोचल्यावर पिठलं-भाकरी, कांदाभजी आणि त्याच आजींच्या मडक्यातलं दही. किती ऊर्जा खर्च झाली आणि किती भजी हलाल झाली, हा हिशेब गटातले चार्टर्ड अकाउंटंट करतात. ढकलत नेलेलं अंतर ते 'इतर खर्चा'त दाखवतात, त्यामुळे भज्यांची एक प्लेट नेहमी जास्तीची निघते.

उताराची गंमत वेगळी. जुन्या सायकलींना दांड्यांचे ब्रेक. रबराचे गुटके रिमला खालून धरतात, म्हणजे धरायला हवेत. दोन वळणं गेली की ब्रेक दाबण्याला केवळ नैतिक अर्थ उरतो. म्हणून काळ्या सायकलवाल्यांनी तीव्र उतार चालतच उतरायचा, असा पोटनियम आहे. जाताना चढ म्हणून चालत, येताना उतार म्हणून चालत. काकांच्या घरी एकदा पाहुण्यांनी विचारलं, "सायकलने सिंहगडला जाऊन आलात?" तर काकू म्हणाल्या, "हो, सायकलला गड दाखवून आणला."

सध्या गटासमोर मोठा पेच आहे. गेल्या महिन्यात कॉलेजातला एक मुलगा बॅटरीवर चालणारी सायकल घेऊन आला. म्हणाला, सभासद करून घ्या. सगळे हसले. मुलाने शांतपणे नियम वाचून दाखवायला सांगितला. वाचला. "मग? माझ्या सायकलीला गिअर कुठे आहेत?" त्याने विचारलं. खरंच नव्हते. पुढे एक चक्र, मागे एक फ्रीव्हील, टेन्शनरसुद्धा नाही. आयटीवाल्या सभासदापेक्षा तो नियमात जास्त बसत होता, आणि आयटीवाल्याला हे मुळीच आवडलं नाही.

"अहो, पण मोटर आहे!"

"मोटरीविषयी नियमात काही नाही," चार्टर्ड अकाउंटंट म्हणाले. त्यांचा गुडघा दुखतो.

बाईंनी मत दिलं नाही. त्यांनी मुलाला फक्त फ्रीव्हीलचे दात विचारले. अठरा म्हणाल्यावर अठरावाल्यांनी एकदम त्याची बाजू घेतली, साहजिकच सोळावाले आणि वीसवाले इतिहासात प्रथमच एकत्र आले आणि सभा बरोबर मधोमध दुभंगली. काकांनी घड्याळ पाहिलं. सात वाजून गेले होते. मिसळीच्या दुकानात साडेसातनंतर जागा मिळत नाही, आणि वाटेत चढ होता.

अर्ज विचाराधीन ठेवण्यात आला आहे. तोवर अर्जदाराने दर रविवारी पुढे जाऊन बारा जणांचं टेबल धरायचं, दोघांना तिखट कमी सांगायचं आणि एलआयसीवाल्यांची पिशवी बरोबर न्यायची.