अडीच तोळे साखर

लक्ष्मीपूजन आटोपलं, ताटं वाढली, की आमच्या दारात तात्या उभे राहतात आणि त्यांच्या हातात तराजू असतो. तुमच्याकडचे तात्या तराजू आणत नसतील. नुसतंच "आज किती करंज्या झाल्या?" असं विचारून घशात घास अडकवत असतील. वाण एकच.

आमचे तात्या दिल्लीच्या करोल बागेतले गलाईवाले. गाव विट्याच्या पलीकडे, खानापूर तालुक्यात. सोनारांकडची मोड, कानशीचा भुगा, दुकानातला केर, सगळं आणायचं, तापवायचं, तेजाबात घालायचं आणि शुद्ध सोनं वेगळं काढायचं, हा धंदा. बीडनपुऱ्यात दोन खोल्या आहेत, त्यातल्या एकीत भट्टी. त्यामुळे जगातली प्रत्येक वस्तू त्यांना तोळ्यातच दिसते, आणि ती वितळवल्यावर जे वजन कमी भरतं त्याला ते 'घट' म्हणतात.

त्यात भर म्हणून जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ साली सांगून ठेवलं, की वरून घातलेली साखर दिवसाकाठी पन्नास ग्रॅमच्या आत असावी, पंचवीसच्या आत राहिली तर फारच छान. हा आकडा तात्यांच्या थोरल्यानं त्यांना मोबाइलवर वाचून दाखवला. तात्या म्हणाले, "म्हंजी अडीच तोळं." झालं. त्या दिवसापासून त्या संघटनेचे जिनीव्यातले लोक तात्यांना आपल्या आळीतले वाटतात.

आता हिशेब बघा. माझा बेसनलाडू चार तोळ्यांचा भरतो. त्यात तात्या निम्मी साखर धरतात. म्हणजे माणशी सव्वा लाडू. हा पाव लाडू ते सुरीनं कापतात, तराजूवर ठेवतात, काटा वर गेला की कडेचा तुकडा मोडतात आणि तो तोंडात टाकतात. "घट धरायचीच, ताई." घरात आम्ही पाच माणसं. पाच घटी मिळून एक लाडू सहज होतो. शिवाय आम्हाला तोळा दहा ग्रॅमचा, बाजारात चालतो तो. स्वतःपुरता मात्र त्यांना जुना, ११.६६ ग्रॅमचा तोळा आठवतो. त्या मापानं त्यांच्या वाट्याला जवळजवळ दीड लाडू येतो. चहातली साखर हिशेबात धरत नाहीत, कारण चहा हे औषध आहे.

खव्यावर आयोडीनचा थेंब टाकून तो निळा पडतो का, म्हणजे त्यात पिठूळ भेसळ आहे का, हे तर बरेच लोक बघतात. तात्यांची खरी कला वरखात. गेल्या साली आमच्या पंजाबी शेजाऱ्यांनी काजूकतलीचं ताट पुढं केलं. तात्यांनी नखानं वरख खरवडून चिमटीत चोळला. चांदी असेल तर विरून जाते, अॅल्युमिनियम असेल तर गोळी होते. विरला. तेवढ्यावर समाधान मानतील तर ते तात्या कसले. "नियमानं वरखाची चांदी ९९९ ची पायजे," म्हणत त्यांनी आणखी अकरा वड्या खरवडल्या, तो वरख चमच्यात घेतला आणि थेट गॅसवर धरला. अॅल्युमिनियमची करडी राख उरते. इथं लखलखीत ठिपका उरला. शेजारीण तोंडावर हात ठेवून बघत होती. तात्यांनी तो ठिपका पुडीत बांधून खिशात टाकला (सवय, दुसरं काय), आणि खरवडलेल्या वड्या आता पाहुण्यांपुढं कशा ठेवणार म्हणून त्यांची व्यवस्थाही स्वतःच लावली. घट!

जेवण झालं की शतपावली. २०१९ साली अजमल खान रोड चालणाऱ्यांसाठी मोकळा केला, तिथं तात्या आम्हाला ओळीनं नेतात. पुढं ते, मागं पोरं, शेवटी दम लागलेले आमचे हे. फटाक्यांच्या धुरात दिवाळीच्या रात्री दिल्लीत फिरणं आरोग्याला कितपत चांगलं, हे विचारायची सोय नाही. आणि त्याच रस्त्यावर रोशनची कुल्फी आहे. तात्या तिथं थांबतात. फालुद्यात शेवया असतात आणि शेवया हे जेवण, गोड नव्हे, असा त्यांचा निवाडा आहे.

कबूल करायला जिवावर येतं, पण त्यांच्यामुळे आमच्याकडे एका दिवशी मिठाईचा एकच डबा फुटतो, बाकीचे त्याच संध्याकाळी रखवालदाराकडे आणि झाडूवालीकडे जातात. देवदिवाळीपर्यंत फ्रिजमध्ये सुकत पडणारी सोनपापडी बंद झाली. धाकटी पाव आणि सव्वा तराजूवर शिकली. लाडू मागताना ती आता बशी घेऊन तात्यांपुढंच उभी राहते.

तरी एकदा मी वैतागून म्हटलंच, "तात्या, सणाच्या दिवशी तरी तो तराजू दुकानात ठेवा."

ते हसले. म्हणाले, १९७२ च्या दुष्काळात गाव सोडलं तेव्हा ते चौदा वर्षांचे होते. इथं भट्टीपाशीच पाच पोरं झोपायची. पहिल्या दिवाळीला एका सोनारानं अर्ध्या किलोचा मिठाईचा डबा दिला. पोरांची भांडणं लागली. मग थोरल्या गड्यानं काचेच्या पेटीतला सोन्याचा तराजू काढला आणि पन्नास तोळ्यांचे पाच वाटे केले. डब्याच्या कोपऱ्यातला चुरासुद्धा गुंजा टाकून मोजला. "कुनाला गुंजभर कमी न्हाय," तात्या म्हणाले.

मी विचारलं, "आणि घट?"

"तवा घट नव्हती, ताई."

मग ते बराच वेळ तराजूचं झाकण पुसत बसले. मीही लाडवांचा डबा आत नेला नाही.

यंदा भाऊबीजेला त्यांचा नातू आजीच्या हातच्या अनारशांचा डबा देऊन गेला. झाकणावर तात्यांच्या अक्षरात चिठ्ठी होती: 'एकूण वजन ५० तोळे. घट ६ तोळे.'