दीड युनिट

बोर्डातून निवृत्त झालेला माणूस ओळखायचा कसा? तो ‘महावितरण’ हा शब्द तोंडात येऊ देत नाही. २००५ साली वीज मंडळाचं विभाजन होऊन वीज तयार करणारी, वाहून नेणारी आणि वाटणारी अशा वेगवेगळ्या कंपन्या झाल्या, हे त्याला ठाऊक असतं, मान्य नसतं.

आमच्या सांगलीच्या विश्रामबागेतले अण्णा या जातीतले. सबस्टेशनवर ऑपरेटर म्हणून लागले, बढत्या घेत वर गेले आणि नोकरीची शेवटची वर्षं त्यांनी भारनियमनाच्या ऐन भरात काढली. गावंच्या गावं तासन्‌तास अंधारात ठेवायची तेव्हा लागलेली सवय निवृत्तीनंतर घरच्यांवर आली. पाहुणा उठून दाराशी पोचेपर्यंत त्याच्या डोक्यावरचा पंखा थांबलेला असतो. तो चपला शोधत असतो तेव्हा बैठकीतला दिवा गेलेला असतो, आणि ‘पुन्हा या’ हे अंधारातूनच ऐकू येतं. फ्रिजचं दार लावल्यावर आतला दिवा खरोखर विझतो का, हे त्यांनी मोबाइलवर चित्रीकरण लावून, तो भाज्यांच्या कप्प्यात ठेवून तपासलंय. विझतो. तरी पूर्ण विश्वास बसलेला नाही.

विजेच्या उपकरणांवर तारे छापायची पद्धत २००६ मध्ये सुरू झाली. अण्णा तेव्हापासून माणसांनाही तारे देतात. थोरला जावई पाच स्टार, कारण तो अर्धी बादली गरम पाण्यात भागवतो. धाकट्याला दोन; तो गिझर लावतो आणि मग दाढीला बसतो. मला किती आहेत ते मी कधी विचारलेलं नाही.

या घरात धाकट्या लेकीनं बंगळूरहून आपला जुना लॅपटॉप आणून दिला. अण्णांना तो हवा होता बुद्धिबळासाठी. भाऊसाहेब पडसलगीकरांनी ज्या गावाला या खेळाचं वेड लावलं, त्या गावातला माणूस म्हातारपणी नुसता बाकावर बसून राजकारण बोलत नाही. रोज सकाळी चहा झाला की अण्णा जगाच्या पाठीवरच्या कुठल्याशा अनोळखी गड्याबरोबर दहा-दहा मिनिटांचा डाव मांडायचे. आणि डाव जिंकत आला की वाय-फाय जायचं. वाय-फाय गेलं तरी घड्याळ थांबत नाही. वजीर वरचढ असताना, मात दोन खेळ्यांवर असताना, वेळ संपली म्हणून हरायचं! काकू म्हणाल्या, “अहो, हरलात तर हरलात, खेळच आहे तो.” त्या दिवशी काकूंचा एक स्टार गेला.

संशयित बरेच होते. समोरचं नारळाचं झाड. नवा टॉवर. शेजारणीचा मायक्रोवेव्ह. हा शेवटचा संशय अगदीच बिनबुडाचा नव्हे, मायक्रोवेव्ह आणि साधं वाय-फाय दोघंही २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास वावरतात. पण शेजारीण सकाळी सातला झोपलेली असते. मग इंटरनेटवाल्या मुलाला बोलावणं गेलं. त्यानं स्वतःच्या मोबाइलवर स्पीड बघितला आणि म्हणाला, “काका, लाइन ओके आहे.”

“लेका,” अण्णा म्हणाले, “हेच वाक्य मी पब्लिकला तीस वर्षं ऐकवलंय. मला नको सांगू.”

मुलानं जाता जाता लॅपटॉप बंद करून चालू करायला सांगितलं. ते अण्णा रोज दोनदा करतच होते. पण हल्लीच्या बऱ्याच लॅपटॉपांत एक गंमत असते. ‘शट डाऊन’ म्हटलं तर ते पूर्ण बंद होत नाहीत. लवकर सुरू होता यावं म्हणून आतली बरीचशी मांडामांड तशीच जपून ठेवतात. खरी झाडझूड होते ती ‘रीस्टार्ट’ केल्यावर. हे मी सांगितलं तेव्हा अण्णा अवाक्‌ झाले. “म्हणजे शटडाऊन घेतलं म्हणून नोंद करायची आणि लाइन जिवंतच ठेवायची? आमच्यात माणूस दगावला असता!”

मला बोलावलं गेलं ते रीतसर. “तुला कळतं ना रे यातलं? मग ये की.” मी गेलो, तर अण्णांनी लॅपटॉपच्या आधी लॉगशीट पुढे केली. हो, लॉगशीट. दोनशे पानी वहीत पट्टीनं रकाने आखलेले: ट्रिप झाल्याची वेळ, पूर्ववत झाल्याची वेळ, हवामान, शेरा. शेऱ्यात ‘प्रतिस्पर्धी ब्राझील, आपण हत्तीने वर’ असलं काहीबाही. आणि कडेला चिंचोळा रकाना: चार्जर लावला, चार्जर काढला. तो वाय-फायसाठी नव्हता, विजेच्या हिशेबासाठी होता. बॅटरी भरली की चार्जर काढायचा आणि भिंतीवरचं बटणही बंद करायचं, हा घरचा कायदा.

आता ही वही कुठल्याही इंजिनियरनं देवापुढे ठेवावी अशी होती. पानंच्या पानं चाळली, तरी चार्जर लावलेला असताना एकही ट्रिप नाही. सगळ्याच्या सगळ्या बॅटरीवर.

लॅपटॉपच्या पॉवर सेटिंगच्या पोटात, चार-पाच दारं उघडून गेलं की, वायरलेस अडॅप्टरची एक ओळ सापडते. तिथं दोन हुकूम वेगवेगळे लिहिलेले असतात. भिंतीवरून वीज मिळत असेल तर पूर्ण ताकदीनं चाल. बॅटरीवर असशील तर जरा काटकसर कर. काटकसर म्हणजे वाय-फायचं कार्ड दोन कामांच्या मधे डोळा लावतं. जाताना राउटरला कळवून जातं, तोवर राउटर त्याच्या नावाचं जे येईल ते राखून ठेवतो, आणि सेकंदाला दहाएक वेळा ‘कुणाचं काय आलंय’ याची हाळी देत राहतो. कार्ड मधूनमधून जागं होऊन ती ऐकतं. दोघांचं जमलं तर कुणाला पत्ताही लागत नाही. राउटर जुना किंवा कच्च्या डोक्याचा असला, तर राखून ठेवलेलं हरवतं आणि शेवटी जोडणीच तुटते.

“कळलं,” अण्णा म्हणाले. “रात्रपाळीचा ऑपरेटर. खुर्चीत डुलक्या काढणार आणि फोन वाजला की ‘जागाच होतो साहेब’ म्हणणार.”

उपाय मिनिटाभराचा होता: बॅटरीच्या रकान्यातही पूर्ण ताकद लिहायची. मी माउसला हात घातला, तर अण्णांनी मनगट धरलं. “थांब. वॅट किती?”

कार्ड ते केवढं! झोपेत आणि जागेपणी फरक पडून पडणार किती? पण अण्णांना ‘थोडासा’ चालत नाही. मी चढा आकडा धरून एक वॅट म्हणालो. त्यांनी वहीच्या मागच्या पानावर मांडलं: एक वॅट, रोज चार तास, तीनशे पासष्ट दिवस. “वर्षाला दीड युनिट,” असं ते अशा आवाजात म्हणाले की आतून काकू बाहेर आल्या.

खरी पंचाईत पुढेच होती. झाकण मिटून अण्णा पूजेला जात आणि परत आल्यावर वाय-फाय उठतच नसे, हा दुसरा बिघाड. त्यासाठी डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायरलेस कार्डाच्या नावावर जाऊन पॉवर मॅनेजमेंटचं पान उघडलं. (नव्या लॅपटॉपांत हे पान बरेचदा दिसतच नाही. अण्णांचा जुना, म्हणून मिळालं.) तिथं एका वाक्यापुढे टिक होती. वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करायला संगणकाला परवानगी द्यावी, अशा अर्थाचं वाक्य. अण्णांनी चष्मा सावरून ते दोनदा वाचलं. त्यांचा चेहरा उजळला.

“हे कुणी लिहिलंय रे? काय माणूस असेल!”

“अण्णा, ती टिक काढायची आहे.”

बराच वेळ कुणी बोललं नाही. मी दरम्यान पंख्याखाली बसलो होतो, तो पंखा बंद झाला. मग अण्णा उठले आणि घरभर हिंडून आले. टीव्हीचा तांबडा ठिपका. सेट-टॉप बॉक्स. धाकट्या जावयानं लावून विसरलेला मच्छरवाला दिवा. सगळं बंद करून, बेरीज करून, दीड युनिटाची भरपाई कागदावर निघाल्यावरच म्हणाले, “काढ. पण लाइनवर काम करायचं परमिट माझ्या सहीनं.” लॉगशीटवर तारीख, वेळ, केलेलं काम आणि सही.

डाव सुरळीत चालू लागले. हरायचे ते अण्णा आता स्वतःच्या बळावर हरू लागले, आणि याचा दोष कुणाला द्यावा हे न सुचून थोडे गप्पही झाले.

पुढे केव्हातरी सकाळी सातला फोन. रात्री लॅपटॉपनं आपण होऊन ड्रायव्हर अपडेट करून घेतला होता. असं झालं की कधीकधी जुनी सेटिंग परत येते. ती टिक जागेवर हजर होती. मी म्हटलं, काढून टाका, तुम्हाला येतं आता.

“काढीन की. पण शेऱ्यात काय लिहू ते सांग. माझं परमिट चालू असताना लाइनवर हात घातला कुणी?”