पाटोद्याचे नोटवाले गुरुजी

पाटोद्याच्या बँकेत लोक पैसे काढायला येतात. नोटवाले गुरुजी ते वाचायला येतात.

तालुक्याच्या गावी या जातीचा एखादा तरी नमुना सापडतोच. निवृत्त मास्तर, खिशात भिंग, काखेत पासबुक. पेन्शन हातात पडली की मोजायची नाही, एकेका नोटेचा क्रमांक पाहायचा. मागे रांग दारापर्यंत गेली तरी बेहत्तर. ते आत शिरताच कॅशियरच ओरडतो, ‘‘गुरुजी, आज बी तारा नाही!’’

हा तारा नोटेच्या क्रमांकात, सुरुवातीची मालिका-अक्षरं आणि पुढचे आकडे यांच्या मध्ये असतो. छपाईत एखादी नोट बिघडली तर तिच्या जागी तारांकित नोट घालायची, ही सोय रिझर्व्ह बँकेने 2006 मध्ये दहा, वीस आणि पन्नासच्या नोटांपासून सुरू केली. अशा गड्डीच्या पट्टीवर तशी नोंदही असते. ती पट्टी दिसली की गुरुजींना घाम फुटतो.

सह्यांचंही वेड आहे. अमिताव घोष 1985 साली जेमतेम 20 दिवस गव्हर्नर होते, त्यांचं नुसतं नाव निघालं तरी गुरुजी चप्पल काढतात. चिंतामणराव देशमुखांची सही असलेली नोट तर देवघराशेजारीच!

पण खरा जीव हाली नोटेत. पाटोदा 1948 पर्यंत निजामाच्या मुलखात होतं. हैदराबाद संस्थानाने 1918 पासून स्वतःच्या कागदी नोटा काढल्या आणि त्यांवर उर्दूच्या जोडीला मराठी, तेलुगू, कन्नडलाही जागा दिली. इंग्रजी अमलातला रुपया तो कलदार, इथला तो हाली. हिशेब ढोबळमानाने सात हालीला सहा कलदार. म्हणजे इंग्रजी मुलखातल्या जामखेडच्या बाजाराला निघालेला पाटोदेकर हद्द ओलांडताच सातव्या हिश्श्याने गरीब होत असे. हे गुरुजी अशा कळवळ्याने सांगतात, की तोटा जणू त्यांनाच झाला होता.

ऊसतोडीच्या टोळ्या परतल्या, की कर्नाटकापासून कोल्हापूरपर्यंतच्या मळक्या नोटा गावात उतरतात. गुरुजी कोरी दहाची देऊन मळकी दहाची घेतात. टोळीवाल्यांना वाटतं, म्हातारा चळला.

मोबाइलवर पाहून पोरं क्रमांकात 786 असलेली नोट घेऊन येतात, ‘‘पाच लाख मिळतील ना?’’ गुरुजी ऑगस्ट 2021 चा इशारा ऐकवतात: रिझर्व्ह बँक असल्या खरेदी-विक्रीत नसते आणि तिच्या नावाने कमिशन मागणारा ठग असतो.

2016 च्या नोटाबंदीतल्या पाचशे-हजाराच्या नोटाही त्यांच्याकडे आहेत, पण बरोबर दहा. 2017 च्या कायद्याने तेवढ्याच ठेवता येतात. अभ्यासासाठी किंवा संग्रहासाठी 25 चालतात, पण आपण अभ्यासक, संग्राहक की नुसतेच वेडे, याचा घरात निकाल न लागल्यामुळे गुरुजींनी ती सवलत घेतलेली नाही.

तुमच्या आजोबांच्या ट्रंकेत हाली नोट निघाली, तर एवढं करा: चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. गुरुजींना दाखवा. ते विकत मागणार नाहीत, फक्त तासभर सोडणार नाहीत.