छिद्रान्वेषण

मोटारीच्या कारखान्यात इंजिनाला मान असतो, गिअरबॉक्सला असतो, हल्ली डॅशबोर्डवरच्या पडद्यालाही असतो. ग्रोमेटला नसतो. पत्र्यातल्या भोकातून वायरी आरपार जातात, त्या भोकाच्या काठावर बसवलेलं काळं रबर, एवढीच त्याची ओळख. त्याची कुणी जाहिरात करत नाही, शोरूममधला पोरगा त्याच्याकडे बोट दाखवत नाही, आणि तो आपलं काम नीट करत असेल तर गाडी भंगारात जाईपर्यंत मालकाला त्याचा पत्ताही लागत नाही. पिंपरी, भोसरी, चाकण या पट्ट्यात मात्र असल्या वस्तूंवर पोट भरणारी माणसं पुष्कळ. मी त्यांतलाच एक. नातेवाइकांत हे समजावणं अवघड जातं. "म्हणजे तू नक्की करतोस काय रे?" असं एखाद्या मावशीनं विचारलं की "मोटारीच्या डिझाइनमध्ये आहे" असं सांगून मी वेळ मारून नेतो. भोकं बुजवतो असं खरं सांगितलं तर पुढचा लाडू ताटात पडेल की नाही, याची खात्री वाटत नाही.

पण भोक ही साधी गोष्ट नाही. मोटारीच्या अंगाचा पत्रा असतो जेमतेम पाऊण मिलिमीटरचा. पंचनं त्यात भोक पाडलं की ज्या बाजूनं पंच शिरला ती कड गुळगुळीत, किंचित आत वळलेली. आणि ज्या बाजूनं बाहेर पडला तिथे बारीक धारदार किनार उभी राहते. कारखान्यात तिला 'बर' म्हणतात. वायरीवरचं प्लॅस्टिकचं आवरण या बरशी घासत राहिलं, की गाडीचा प्रत्येक खड्डा त्यावर एकेक रेघ ओढतो. खड्ड्यांचा पुरवठा आपल्याकडे अखंड आहे. आवरण संपतं, तांबं पत्र्याला टेकतं, आणि गाडीचा अख्खा पत्रा बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेला असल्यामुळे जे व्हायचं ते होतं. नशीब बरं असेल तर फक्त फ्यूज उडतो.

नशीब बरं नसलं तर काय होतं, हे सांगायला मोठं उदाहरण आहे. २७ जानेवारी १९६७ रोजी अपोलो-१ यानात जमिनीवरच्या सरावाच्या वेळी आग लागून तीन अंतराळवीर गेले. ठिणगी नेमकी कुठे पडली हे चौकशी मंडळाला ठामपणे सांगता आलं नाही. पण आगीला पोषक ठरलेल्या गोष्टींच्या यादीत त्यांनी यानातल्या असुरक्षित वायरिंगचं नाव घेतलं. चंद्रावर जायला निघालेल्यांनाही वायर कशावर घासते आहे, हे बघावंच लागतं.

आता डिझाइन. भोकाचं माप कशावरून ठरतं? वायरींच्या जाडीवरून, असं कुणालाही वाटेल. तसं नसतं. वायरींच्या टोकाला कनेक्टर असतो, त्याचं डोकं वायरींच्या जुडग्यापेक्षा बरंच मोठं, आणि आधी ते भोकातून पार व्हावं लागतं. डोकं एकदाच पार होतं. भोक मात्र जन्मभर त्याच्याच मापाचं राहतं. उरलेली सगळी पोकळी ग्रोमेटनं भरायची. पाणी नको, धूळ नको, इंजिनाची घरघर नको, आणि रात्री गरम इंजिनाच्या आसऱ्याला आलेला उंदीरही नको. आवाजाचं गणित तर अगदीच निष्ठुर आहे. इंजिन आणि प्रवासी यांच्यामधला पडदा कितीही जाड करा, त्याच्या क्षेत्रफळाचा शंभरावा भाग उघडा राहिला तर २० डेसिबलहून जास्त आवाज अडत नाही. शांत गाडी म्हणून आपण जे पैसे मोजतो, त्यांतले काही भोकं नीट बुजवल्याचे असतात.

शिवाय ग्रोमेट आत जाताना सहज जावा आणि नंतर ओढला तरी बाहेर येऊ नये. म्हणून त्याचं पुढचं अंग उतरत्या शंकूसारखं, मग पत्रा बसेल अशी खाच, मग मागे रुंद कॉलर. शंकू दबत दबत भोकातून सरकतो, खाच पत्र्यावर बसते आणि 'टप्' असा आवाज येतो. शंकूचा उतार सौम्य ठेवला तर आत जायला सोपं, पण ग्रोमेट लांबलचक होतो. खाचेची पलीकडची भिंत उभी ठेवली तर निघायला अवघड, पण तीच भिंत आत जातानाही अडते. हा सगळा हिशेब संगणकावर फार सुंदर दिसतो. रंगीत नकाशे येतात, रबर कुठे किती ताणलं ते लाल-पिवळ्यात कळतं. मग तो हिशेब लाइनवर जातो. तिथे पुढे सरकत्या गाडीत डॅशबोर्डखाली हात घालून, न दिसणाऱ्या भोकात, एक माणूस अंगठ्यानं तो ग्रोमेट दाबत असतो. अंगठ्याच्या जोराला मर्यादा असते आणि पाळीच्या शेवटच्या तासाला ती आणखी खाली येते. एका जुन्या सुपरवायझरनं माझं ड्रॉइंग मला परत देताना म्हटलं होतं, "साहेब, याच्यावर अंगठापण काढा की." त्याहून नेमकं परीक्षण मी कुठल्याही बैठकीत ऐकलेलं नाही.

कारण अंगठा दमला की ग्रोमेट तीन-चतुर्थांश बसतो. हा सगळ्यात वाईट प्रकार. पूर्ण निसटलेला ग्रोमेट लोंबतो, तो कुणाच्याही नजरेला पडतो. तीन-चतुर्थांश बसलेला मात्र सभ्य दिसतो. कारखान्यातून बाहेर पडण्याआधी गाडी पाण्याच्या फवाऱ्यांखालून जाते, तिथे सुद्धा एखादा असा सभ्य गृहस्थ निभावून जातो. मग पाऊस सुरू होतो. पाणी इंजिनामागच्या भोकातून शिरतं, वायरींच्या अंगानं प्रवास करतं आणि भलतीकडेच गालिच्याखाली उतरतं. कुबट वास सुटला की मालक आधी ओल्या छत्रीवर संशय घेतो, मग एसीवर, मग मुलांच्या पाण्याच्या बाटलीवर. मेकॅनिक दाराची रबरं बदलतो, काचेच्या कडेला सिलिकॉन फासतो आणि बिल करतो. वास तसाच राहतो.

वायरींचाही एक स्वभाव आहे. ड्रॉइंगमध्ये त्या भोकाच्या अगदी मधोमध, काटकोनात पार होतात. गाडीत त्या भोकाबाहेर आल्या आल्या डावीकडे वळतात, कारण तिकडे त्यांना काम असतं. वळताना त्या ग्रोमेटला एका बाजूला ओढतात आणि विरुद्ध बाजूची ओठासारखी पातळ कड पत्र्यापासून उचलली जाते. म्हणून चांगल्या ग्रोमेटला लांब मान देतात. जुडगं मानेला टेपनं बांधायचं, वळण काय घ्यायचं ते मानेच्या पुढे घ्यायचं. दाराच्या आणि अंगाच्या मध्ये तर भात्यासारख्या घड्यांची नळीच लागते, कारण तिथे दार उघडलं की ताण आणि लावलं की दाब. जमलं तर भोकाच्या आधी वायर खाली झोळ देऊन वर आणायची. थेंब झोळाच्या तळाशी येऊन गळून जातो, चढ चढून भोकापर्यंत येत नाही. या एवढ्याशा झोळानं जितकं पाणी अडवलं असेल, तितकं महागड्या रबरानंही अडवलं नसेल, असं माझं ठाम मत आहे. फुकट असल्यामुळे त्याला किंमत नाही.

बाहेरून सगळं बंद केलं, तरी जुडग्याच्या आतून पाणी येतंच. गोल वायरी एकमेकींना चिकटवून कितीही घट्ट बांधा, मध्ये तिकोनी फटी राहतात. लाग्रांज या गणितज्ञानं १७७३ मध्येच दाखवलं होतं, की सारख्या आकाराची वर्तुळं नियमित रचली तर जास्तीत जास्त सुमारे ९०.७ टक्के जागा व्यापतात. उरलेले नऊ टक्के भूमितीनं पाण्यासाठी राखून ठेवले आहेत. तिथे कुणाचा वशिला चालत नाही. केशाकर्षणानं पाणी त्या फटींतून आरामात सरकतं. उपाय म्हणजे वायरी मोकळ्या करून त्यांच्या मधोमध चिकट लगदा भरायचा आणि पुन्हा बांधायच्या. काम कंटाळवाणं, हात बरबटणारं, आणि खर्च कमी करायची बैठक बसली की सगळ्यांत आधी कात्री लागते ती या लगद्याला.

रबराची निवड हा वेगळाच संसार. चार्ल्स गुडइयरनं १८३९ मध्ये रबर आणि गंधक तापवून टिकाऊ रबर मिळवलं, आणि १८६० मध्ये तो कर्जात मेला. या धंद्यात पैसा कुणाला मिळतो हे तेव्हाच ठरलं असावं. नैसर्गिक रबर लवचीक, दणकट. आपल्या दोडामार्गातही त्याच्या बागा आहेत. पण ताणलेल्या अवस्थेत हवेतला ओझोन त्याला भेगा पाडतो, आणि भोकातला ग्रोमेट जन्मभर ताणलेलाच असतो. म्हणून मोटारीत ईपीडीएम नावाचं कृत्रिम रबर. त्याला ऊन, पाऊस, ओझोन काही करत नाही. इंजिन ऑइल मात्र सोसत नाही, फुगतं. तेलाच्या जागी नायट्राइल, फार उष्णता असेल तिथे सिलिकॉन. मऊपणा शोअर-ए या मापानं मोजतात. साधारण ५० ते ६० मध्ये बहुतेकांचं जमतं.

नवशिके सगळा दोष या आकड्यावर ढकलतात. बसत नाही? रबर मऊ करा. निघून येतं? कडक करा. खरं कारण निराळं असतं. रबर वाकतं, ताणतं, पण त्याचं आकारमान जवळजवळ कमी होत नाही. एका बाजूनं दाबलं की दुसऱ्या बाजूनं बाहेर येणारच. लोकलच्या बाकावर चौथा प्रवासी टेकला की कडेचा अर्धा बाहेर जातो. बाकाची कड मोकळी ठेवली नाही तर चौथ्याला बसताच येणार नाही. भोकाला ठासून भरणारा जाडजूड ग्रोमेट म्हणूनच अंगठ्याला हटत नाही, मग रबर कितीही मऊ घ्या. त्याला पातळ पाकळ्या द्याव्यात, आत पोकळी ठेवावी, म्हणजे दबण्याऐवजी तो वाकतो. वाकायला रबराला फार जोर लागत नाही. माझ्या व्यवसायातलं शहाणपण एवढंच आहे, आणि ते कळायला लोकांना निम्मी नोकरी जाते.

पाण्याच्या परीक्षेलाही सरकारी भाषा आहे. आयपी-६७ असं लिहिलं असेल तर त्यातला ६ म्हणतो धुळीला पूर्ण मज्जाव, आणि ७ म्हणतो १ मीटर पाण्यात ३० मिनिटं बुडवलं तरी अपायकारक प्रमाणात पाणी आत शिरणार नाही. यासाठी प्रयोगशाळेत टाकी असते. आपल्या शहरांतल्या काही भुयारी रस्त्यांवर ही परीक्षा जुलैत फुकट होते, फक्त वेळ ३० मिनिटांची नसते.

इकडे गल्लीतल्या गॅरेजवाल्याकडे ग्रोमेट नसतो, पण सायकलची जुनी ट्यूब असते. तिचा तुकडा कापून, वायरीभोवती गुंडाळून, भोकात कोंबून तो काम भागवतो. मी हसत नाही. धार झाकली, वायर वाचली, निम्मं काम झालं. पाणी येईल, पण आग लागणार नाही. राग येतो तो ड्रिल मशीन घेऊन नव्या गाडीला नवं भोक पाडणाऱ्याचा. मोठे स्पीकर, जादा दिवे, मागचा कॅमेरा, कशासाठीही तो इंजिनामागच्या पत्र्याला सरळ भोक पाडतो, वायर ओवतो आणि वर इन्सुलेशन टेपची पट्टी चिकटवतो. तेव्हा पुढच्या वेळी गाडीत काही नवं बसवून घ्याल, तर गाणं लावून बघण्याआधी बॉनेट उघडायला सांगा. नवी वायर पत्र्यातून जाते तिथे बोट फिरवा. रबर लागलं तर पैसे द्या. पत्रा लागला तर ग्रोमेट बसवल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नका.